फोनच्या वायरीवरून इंटरनेट : जुना कॉम्प्युटर कसा जोडायचा?



आपल्या काही क्लस्टरच्या ऑफिसात जुने कॉम्प्युटर आले आहेत. कुठे बँकेने बदललेले, कुठे संस्थेने दिलेले. बऱ्याच ठिकाणी त्यांच्यावर रुमाल घालून ठेवलेला दिसतो. "हे मुलांचं काम, आपल्याला काय कळणार त्यात?" असं बैठकीत हमखास ऐकू येतं. पण जी बाई गटाचं कर्ज-बचतीचं रजिस्टर पैशापैशाला जुळवते, तिला हे काम जड नाही. आपला कॉम्प्युटर टेलिफोनच्या लाइनीवरून इंटरनेटला कसा जोडायचा, खर्च किती येतो आणि गटाचा पैसा वाया जाऊ नये म्हणून काय करायचं, हे या लेखात सांगते. जिला वाचता येतं तिने बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा आणि जमलं तर कॉम्प्युटरसमोर बसूनच वाचा.

इंटरनेट कशाला हवं?

पापड-मसाल्याची ऑर्डर आली तर पत्र चार दिवसांनी पोचतं, ईमेल काही मिनिटांत पोचतो. सरस प्रदर्शनाचे फॉर्म, बँकेची माहिती, प्रशिक्षणाच्या तारखा आता ईमेलने यायला लागल्या आहेत. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट या साइटवर बाजार समित्यांचे भाव दिलेले असतात. व्यापारी दारात येऊन सोयाबीनचा भाव सांगतो तेव्हा आपल्याकडे दुसरा आकडा असला, तर बोलणीच वेगळी होते. आजवर ही माहिती आपल्याला कुणी सांगेल तेव्हा आणि सांगेल तेवढीच मिळायची. ती स्वतः बघता यावी, यासाठी हा खटाटोप.

हे चालतं कसं?

कॉम्प्युटरला आकड्यांची भाषा कळते आणि टेलिफोनच्या तारेतून जातो आवाज. दोघांच्या मध्ये एक दुभाषी लागतो, त्याला मॉडेम म्हणतात. तो आकड्यांचा आवाज करून तारेत सोडतो, तिकडून आलेल्या आवाजाचे परत आकडे करतो. जोडणी होताना कर्रर्र, टींटीं असा चमत्कारिक आवाज येतो, तो दोन मॉडेमची एकमेकांशी ओळख चाललेली असते. काही बिघडलं म्हणून घाबरून वायर काढू नका.

मॉडेमवर ५६ के असं लिहिलेलं असतं. तो सगळ्यात जास्त वेग झाला. गावच्या लाइनीवर निम्मा मिळाला तरी काम होतं. साधं पत्र काही सेकंदांत जातं. साडेतीनशे केबीचा एक फोटो जायला मात्र पावणेदोन मिनिटं लागतात. म्हणून फोटो मोजकेच पाठवावेत.

काय काय लागेल?

• विंडोज ९८ असलेला, चालू कॉम्प्युटर. ३२ एमबी मेमरी असली तरी ईमेलपुरतं भागतं.
• मॉडेम. तो डब्याच्या आत बसवलेला असतो किंवा बाहेर वेगळा ठेवलेला असतो.
• चालू टेलिफोन आणि मॉडेमपर्यंत पोचेल एवढी फोनची वायर.
• इंटरनेटचं खातं. खातं घेतलं की तीन गोष्टी मिळतात : फोन लावायचा नंबर, युजर नेम आणि पासवर्ड. हे तिन्ही एका कागदावर नीट उतरवून घ्या.

जोडणी : एकेक पायरी

१. आधी फोन उचलून ऐका. टोन स्वच्छ आहे का? खरखर असेल तर आधी लाइन दुरुस्त करून घ्या. जी लाइन आपल्या कानाला त्रास देते, ती मॉडेमलाही देते.

२. मॉडेमला फोनच्या वायरीची दोन भोकं असतात. 'लाइन' लिहिलेल्या भोकात भिंतीकडून आलेली वायर घाला. 'फोन' लिहिलेल्या भोकात टेलिफोनची वायर. ही अदलाबदल झाली म्हणून जोडणी न होण्याचे प्रकार फार.

३. कॉम्प्युटर चालू करा. 'स्टार्ट', 'सेटिंग्ज', 'कंट्रोल पॅनल', मग 'मोडेम्स' उघडा. तिथे मॉडेमचं नाव दिसलं पाहिजे. नाव दिसत नसेल तर मॉडेमसोबत आलेली सीडी घालून तो बसवावा लागतो. हे काम एकदाच असतं. एमएस-सीआयटी झालेली एखादी मुलगी गावात असेल तर तिला बोलवा, पण माउस आपल्याच हातात ठेवा.

४. आता 'माय कॉम्प्युटर' उघडा, त्यात 'डायल-अप नेटवर्किंग'. ते नसेलच तर 'कंट्रोल पॅनल'मधल्या 'ॲड-रिमूव्ह प्रोग्राम्स'मध्ये जा. तिथे 'विंडोज सेटअप', मग 'कम्युनिकेशन्स' आणि त्यात त्याच्यावर खूण करा. विंडोजची सीडी हाताशी ठेवा, तो मागेल.

५. 'मेक न्यू कनेक्शन'वर दोनदा क्लिक करा. नाव विचारेल. आपल्या संघाचं नाव टाका. खाली मॉडेमचं नाव आलेलं असेल. 'नेक्स्ट' दाबा.

६. नंबर विचारेल. कागदावरचा नंबर टाका. 'नेक्स्ट' आणि मग 'फिनिश'.

७. तयार झालेल्या चित्रावर उजवं बटण दाबा आणि 'प्रॉपर्टीज' घ्या. 'यूज एरिया कोड' याच्यासमोरची खूण काढा, म्हणजे कागदावर आहे तेवढाच नंबर लागेल. मग 'सर्व्हर टाइप्स'मध्ये जाऊन खाली फक्त 'टीसीपी-आयपी'वर खूण ठेवा, बाकीच्या दोन काढा. जोडणी लवकर होते.

८. 'ओके' करून त्याच चित्रावर दोनदा क्लिक करा. युजर नेम आणि पासवर्ड टाका. पासवर्डच्या जागी फुल्या दिसतात, ते बरोबरच आहे. 'कनेक्ट' दाबा. आवाज येईल, थांबेल आणि खाली घड्याळाशेजारी दोन छोटे कॉम्प्युटर दिसतील. ते दिसले की तुम्ही इंटरनेटवर आलात.

नाही जोडलं तर?

पडद्यावर इंग्रजीत सूचना येते आणि एक आकडा येतो. इंग्रजी वाचता आलं नाही तरी चालेल, आकडा बघा.

६३० : मॉडेम उत्तर देत नाही. बाहेरचा मॉडेम असेल तर बंद करून परत चालू करा, वायर घट्ट बसवा.

६७६ : समोरची लाइन बिझी आहे. पाच मिनिटं थांबून परत लावा.

६७८ : समोरून उत्तर नाही. नंबर परत तपासा.

६८० : टोन मिळत नाही. वायर निघालीय का, कुणी दुसरा फोन उचलून ठेवलाय का, ते बघा. फोनमध्ये टोन ऐकू येतोय आणि तरी हाच आकडा येतोय? मग 'मोडेम्स'मध्ये 'प्रॉपर्टीज', त्यात 'कनेक्शन' घ्या आणि 'वेट फॉर डायल टोन'ची खूण काढा. काही मॉडेमना आपल्याकडचा टोन ओळखता येत नाही.

६९१ : युजर नेम किंवा पासवर्ड चुकला. लहान-मोठी अक्षरं बघा. 'कॅप्स लॉक'चा दिवा लागलेला असतो तेव्हा हे हमखास होतं. खात्याचे तास किंवा मुदत संपली नाही ना, तेही बघा.

खर्च : इथे डोळ्यात तेल घालून

खर्च दोन ठिकाणी होतो, हे पक्कं लक्षात ठेवा. एक, इंटरनेटच्या खात्याचे तास. दोन, टेलिफोनचं बिल. खातं स्वस्त मिळालं म्हणून खूश होऊ नका, जितका वेळ जोडलेलं राहील तितका वेळ फोन चालूच असतो.

आपल्या एक्स्चेंजला किती मिनिटांना एक कॉल धरतात आणि कॉलला किती पैसे पडतात, हे टेलिफोन ऑफिसात विचारून रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहा. समजा, तीन मिनिटांना एक कॉल आणि कॉलला एक रुपया. मग एका तासाला वीस कॉल, म्हणजे वीस रुपये. संध्याकाळी जोडणी तशीच ठेवून कुलूप लावलं आणि सकाळी दहा तासांनी उघडलं तर दोनशे रुपये गेले. एखादीची कितीतरी महिन्यांची बचत असते ती.

म्हणून :

• पत्र आधी नोटपॅडमध्ये लिहून ठेवा. मग जोडा, पत्र चिकटवा, पाठवा, तोडा. विचार करायला इंटरनेट लागत नाही.
• आलेलं पत्र सेव्ह करा आणि फोन तोडून निवांत वाचा.
• इंटरनेटची खिडकी बंद केली म्हणजे फोन बंद झाला असं धरू नका. घड्याळाशेजारच्या दोन कॉम्प्युटरवर क्लिक करून 'डिस्कनेक्ट' दाबा. मग फोन उचलून टोन ऐका. टोन आला की खात्री.
• फुकट गाणी, फुकट चित्रं असं दाखवून 'यस' दाबायला लावणाऱ्या साइटपासून लांब राहा. काही वेळा असा प्रोग्राम आत शिरतो, आपला फोन तोडतो आणि गुपचूप परदेशातला नंबर लावतो. बिल आलं की मग कळतं. फोनला एसटीडी-आयएसडी लॉक करून घ्या. गावातला नंबर त्याने अडत नाही.

आणखी तीन गोष्टी

एक. इंटरनेट चालू असताना बाहेरून फोन केला तर बिझी लागतो. आपल्या बऱ्याच ऑफिसांत तोच एक फोन आहे आणि त्याच फोनवर बाळंतपणासाठी गाडी बघायला निरोप येतो. म्हणून इंटरनेटची वेळ ठरलेली हवी. उदाहरणार्थ, दुपारी दोन ते अडीच. ती वेळ सगळ्या गावांना आणि आशेने वाट बघणाऱ्या घरांना आधी कळवा. पोटुशी बाई दिवसांत असेल तर इंटरनेट थांबलं तरी चालेल.

दोन. वीज कडाडायला लागली की प्लग आणि फोनची वायर दोन्ही काढा. तारेतून आलेला झटका मॉडेम जाळतो. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

तीन. मराठी पत्र ज्या फॉन्टमध्ये लिहिलं, तोच फॉन्ट समोरच्याच्या कॉम्प्युटरवर लागतो. नाहीतर त्याला अक्षरांच्या जागी नुसत्या खुणा दिसतात. त्यामुळे आधी फॉन्टचं नाव विचारून घ्या. नसेल जुळत तर मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहा. वाचणाऱ्याला समजतं.

किल्ली कुणाकडे?

गटाची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे, हा नियम आपण पहिल्या दिवसापासून पाळतो. पासवर्ड ही पण किल्लीच आहे. तो कॉम्प्युटरवर चिठ्ठी लावून ठेवू नका, 'सेव्ह पासवर्ड'वर खूण करू नका. दोघींना माहीत असू द्या आणि एका पाकिटात घालून पेटीत ठेवा. अध्यक्षताईंचा मुलगा हुशार आहे म्हणून सगळं त्याच्यावर सोपवलं, तर तो शिकायला शहरात गेला की कॉम्प्युटरवर परत रुमाल पडेल. तसंच, आपल्या गटाची ऑर्डर आणि आपले हिशोब आपल्याआधी दुसऱ्या कुणी का वाचायचे?

येत्या मासिक बैठकीत एवढा ठराव घ्या : कॉम्प्युटर शिकणाऱ्या दोन जणींची नावं, त्यातली एक तरी तिशीच्या पुढची असावी, इंटरनेटची रोजची वेळ, आणि एक वही. वहीत पाच रकाने : तारीख, जोडल्याची वेळ, तोडल्याची वेळ, काम काय, सही. फोनचं बिल आलं की वहीशी ताडून बघा, जसं बँकेचं पासबुक ताडतो तसं. फरक आला तर टेलिफोन ऑफिसात वही घेऊन जा. हातात लिहिलेली वही असली की बाईचं बोलणं टाळता येत नाही, हे तुम्ही बँकेत अनुभवलेलंच आहे.

ज्या क्लस्टरमध्ये मॉडेमच बसलेला नाही, त्यांनी कॉम्प्युटरमागच्या जोडण्यांचं चित्र कागदावर काढून पुढच्या भेटीच्या वेळी द्यावं. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल. आकडा अडला तर तोही वहीत लिहून ठेवा, भेटीत एकेक सोडवू.

— तालुका समन्वयक