वीज गेल्यावर कोणता दिवा?

लासलगावात वळवाचा पाऊस आला की वीज जाणार, हे आपण धरूनच चालतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाचे निदान वेळापत्रक तरी असे; वादळाने तुटलेल्या तारेला वेळापत्रक नसते. वळीव एप्रिल-मेमधला आणि सीईटी-नीटचा अभ्यासही त्याच दिवसांतला. म्हणून घर उजळण्याआधी पुस्तकापुरत्या उजेडाचा विचार करावा.

अंतर चौपट कमी केले की उजेड सोळापट पडतो. छताचा दिवा टेबलापासून सहा फुटांवर असेल, तर तोच दिवा दीड फुटावर आणून पाहा! त्यामुळे अभ्यासाला एक वॅटचा मान वळवता येणारा एलईडी दिवा पुरतो. मेणबत्ती वंदनेपुरती ठीक. अभ्यासाला ती नको. तिची ज्योत हलते, डोळे शिणतात आणि मच्छरदाणी किंवा कांद्याच्या जाळीच्या गोण्या जवळ असतील तर धोका वेगळाच.

आता हिशेब, बँकेतल्या माणसाला त्यावाचून चैन पडत नाही. बॅटरीवर ३.७ व्होल्ट, २००० एमएएच असे छापलेले असते. गुणाकार करून हजाराने भागा. उत्तर ७.४ वॅट-तास. म्हणजे एक वॅटचा दिवा घट धरून सहा तास चालेल, नऊ वॅटचा पाऊण तास. मग होल्डरमध्ये बसणाऱ्या चार्जिंगच्या बल्बच्या खोक्यावर ‘९ वॅट, ४ तास’ कसे? नऊ वॅट हे वीज असतानाचे. एवढ्या बॅटरीवर चार तास काढायचे तर तो दोन वॅटच्याही आत जळणार. शिवाय बटन चालू असेल तरच तो चार्ज होतो. दिवसभर बटन बंद ठेवणाऱ्या घरात ऐन वेळी तो रिकामा निघतो.

सौरदिवा आपल्याकडच्या उन्हाला साजेसा आहे. आयआयटी मुंबईच्या दहा लाख सौरदिव्यांच्या योजनेत २०१४ च्या सुमारास महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या ग्रामीण विद्यार्थ्यांना असे दिवे मिळाले. त्यातली चांगली गोष्ट अशी की, दिवे जोडणे आणि दुरुस्त करणे गावातल्याच माणसांना शिकवले गेले. आपणही घेताना बॅटरी बदलता येते का, हे दुकानदाराला विचारावेच. पावसाळ्यात मात्र विजेवरही चार्ज होणारा दिवा बरा.

कोणताही दिवा महिनोन्महिने रिकामा ठेवू नये; बॅटरी खराब होते. नवा दिवा पूर्ण चार्ज करून एका रात्री पुस्तकाजवळ लावावा आणि किती तासांनी अक्षर लागेनासे झाले, तो आकडा दिव्याच्या बुडाशी पेनाने लिहून ठेवावा.