‘ह’ आणि ‘ठ’ : योगातील स्त्रीऊर्जा–पुरुषऊर्जा मुलांना कशी समजावायची?



सातवीच्या वर्गाला अनुलोम-विलोम शिकवत होते. नुसतंच ‘इकडून घ्या, तिकडून सोडा’ म्हटलं की मुलं दोन मिनिटांत कंटाळतात, म्हणून म्हटलं काहीतरी रंजक सांगावं. सांगून टाकलं, “डावी नाकपुडी म्हणजे चंद्र, ती स्त्रीऊर्जा. उजवी म्हणजे सूर्य, ती पुरुषऊर्जा.” झालं! मागच्या रांगेतल्या एका मुलाने डावी नाकपुडी दाबली ती सोडायलाच तयार नाही. “बाई, मी ही बंदच ठेवतो. मला नको मुलींची ऊर्जा.” वर्ग खो खो हसला. पुढे बसलेल्या दोघी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खरंच विचारलं, “मग आम्ही उजवी बंद ठेवायची का?”

त्या मुलाला रागावून काय उपयोग होता? माझं वाक्यच अर्धवट होतं. आणि हे अर्धवट वाक्य आता मोबाईलवरच्या व्हिडिओंतून घरोघरी पोचलेलं आहे. ‘तुमची स्त्रीऊर्जा जागवा’, ‘पुरुषऊर्जा वाढवा’ असं काहीबाही मुलं ऐकत असतात. म्हणून हा विषय आपण शिक्षकांनी आणि पालकांनी आधी स्वतः नीट समजून घेऊ या.

सुरुवात ‘हठयोग’ या शब्दापासून करू. ‘हठ’ म्हणजे बळ, जोर, आग्रह. आपला मराठी ‘हट्ट’ यातूनच आला. (मुलांना हे सांगून बघा, लगेच आवडतं. हट्टी मुलांचा योग!) पण योगपरंपरेने याच शब्दाची आणखी एक फोड केली. ‘ह’ म्हणजे सूर्य आणि ‘ठ’ म्हणजे चंद्र. या दोघांचा मेळ तो हठयोग. स्वात्मारामाची ‘हठयोगप्रदीपिका’ साधारण पंधराव्या शतकातली. तिच्यात शरीरात बहात्तर हजार नाड्या आहेत असं सांगितलं आहे. त्यांतल्या तीन महत्त्वाच्या : डावीकडची इडा, ती चंद्रनाडी, उजवीकडची पिंगला, ती सूर्यनाडी, आणि मधली सुषुम्ना. या नाड्या म्हणजे रक्तवाहिन्या नव्हेत की मज्जातंतू नव्हेत. प्राणाचे मार्ग अशी ती कल्पना आहे. विज्ञानाच्या तासाला शरीराच्या आकृतीत त्या दाखवायला जाऊ नका.

आता मुद्द्याचं वाक्य. इडा मुलींना आणि पिंगला मुलांना असं कुठेच नाही. प्रत्येक देहात दोन्ही आहेत. एक वाढवायची आणि दुसरी दाबायची हा तर साधनेचा हेतूच नव्हे. दोन्ही बाजू शुद्ध आणि सम व्हाव्यात, म्हणजे मधला मार्ग मोकळा होतो, असं ग्रंथकारांना म्हणायचं आहे. नाडीशोधनात श्वास डावीकडून घेऊन उजवीकडे सोडायचा, मग उजवीकडून घेऊन डावीकडे सोडायचा, हा क्रमसुद्धा त्याचसाठी. एक नाकपुडी बंद ठेवून बसणाऱ्याचं नाडीशोधन होतच नाही! हे मला त्या दिवशी सुचायला हवं होतं.

मग यात स्त्री-पुरुष आले कुठून? स्वरशास्त्रावरच्या ‘शिवस्वरोदय’ या ग्रंथात चंद्रनाडीला शक्तीचं आणि सूर्यनाडीला शिवाचं रूप मानलं आहे. चंद्र शीतल, सूर्य उष्ण. इथवर ठीक आहे. पण यावरून ‘स्त्री म्हणजे शांत, मऊ, वाट बघणारी आणि पुरुष म्हणजे कामाचा, धडाडीचा’ असा निष्कर्ष काढला की आपल्याच परंपरेचा दुसरा धागा तुटतो. सांख्यदर्शनात पुरुष हा नुसता साक्षी आहे, तो काहीच करत नाही. सगळी हालचाल, सगळी घडामोड प्रकृतीची. आणि शाक्त परंपरा तर म्हणते की शक्तीवाचून शिव हलूसुद्धा शकत नाही. म्हणजे एकीकडे स्त्रीतत्त्व शीतल चंद्र आणि दुसरीकडे तेच सगळ्या विश्वाला हलवणारं बळ! दोन्ही मांडण्या आपल्याच आहेत आणि त्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. तशा त्या जुळवायचा अट्टहासही नको. यातून एक गोष्ट मात्र स्पष्ट होते. ‘स्त्रीऊर्जा’ हे कुठल्याही मुलीच्या स्वभावाचं वर्णन नाही. ते रूपक आहे.

वर्गात हे पटवायला मी एक भाषेचा खेळ घेते. फळ्यावर शब्द लिहायचे आणि मुलांनी तो, ती, ते लावायचं. ताकद, हिंमत, शक्ती, ऊर्जा, चिकाटी, झेप. सगळ्यांना ‘ती’. मग विसावा, संयम, आराम, जिव्हाळा, हळवेपणा. सगळ्यांना ‘तो’. व्याकरणातलं लिंग हा काही पुरावा नव्हे, हे आपल्याला माहीत आहे. पण ‘ती ताकद’ आणि ‘तो हळवेपणा’ शेजारी शेजारी लिहिलेलं पाहिलं की मुलांच्या कपाळावर आठी पडते, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

दुसरं साधन म्हणजे घारापुरी. सहल गेली की मुलं त्या तीन मुखांच्या भव्य मूर्तीसमोर फोटो काढतात आणि पुढे पळतात. तिच्या शेजारीच, आपण समोर उभे असलो की आपल्या डाव्या हाताला, अर्धनारीश्वराचं शिल्प आहे. सहाव्या शतकातलं, सुमारे पाच मीटर उंच. खालचा भाग भंगलेला आहे, तरी पाच मिनिटं थांबून बघण्यासारखं आहे. मूर्तीची उजवी बाजू शिवाची, तिकडचा हात नंदीवर टेकलेला. डावी बाजू पार्वतीची, वरच्या हातात आरसा. मुलं इथे हमखास गोंधळतात, कारण मूर्तीचं डावं म्हणजे आपलं उजवं. स्वतः मूर्तीसारखं उभं राहायला सांगायचं, की प्रश्न मिटतो. आणि मग विचारायचं, दोन माणसं मधोमध चिकटवल्यासारखी दिसतात का? नाही दिसत. एकच देह एका बाजूला रेलून, कमरेत किंचित वळून उभा आहे. तोल सांभाळायला त्याला दोन्ही बाजू लागतात. स्त्रीची बाजू डावी आणि चंद्रनाडीही डावी, हा दुवाही तिथेच दाखवता येतो.

मराठी शिकवणाऱ्यांसाठी आणखी एक. ज्ञानेश्वर नाथपरंपरेतले, आणि नाथपंथ म्हणजे हठयोगाचं माहेरघर. ‘अमृतानुभवा’चं पहिलंच प्रकरण शिव आणि शक्ती यांच्या एकरूपतेवर आहे. ही दोघं वेगळी दिसतात पण वेगळी काढता येत नाहीत, हे त्यात ज्ञानेश्वरांनी परोपरीने सांगितलं आहे. नववी-दहावीच्या मुलांना योग आणि मराठी अशी सांगड घालून द्यायला यापेक्षा चांगली जागा मला तरी सापडलेली नाही.

आता थोडं विज्ञान. इथे वर्गात करून बघता येईल असा एक प्रयोग आहे. प्रत्येकाने लहानसा आरसा किंवा स्टीलची ताटली नाकाखाली आडवी धरायची आणि नाकाने श्वास सोडायचा. वाफेचे दोन डाग उमटतात, आणि बहुतेक वेळा ते सारखे नसतात. एक मोठा, एक लहान. परिपाठाच्या वेळी एकदा बघायचं, मधल्या सुट्टीनंतर एकदा, शाळा सुटताना एकदा, आणि वहीत नोंद करायची. आठवड्याभरात लक्षात येतं की मोठा डाग कधी डावीकडे असतो, कधी उजवीकडे. नाकाच्या आतल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या आळीपाळीने फुगतात आणि ओसरतात. त्यामुळे एक नाकपुडी जास्त मोकळी असते आणि काही तासांनी पाळी बदलते. रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरने 1895 साली याचं वर्णन केलं. आपल्याकडे ‘स्वर बदलला’ म्हणायचे ते हेच. हे सगळं आपली स्वायत्त चेतासंस्था आपल्याला न विचारता करत असते, आणि मुलगा असो वा मुलगी, फरक नाही.

वामकुक्षी तर सगळ्यांना माहीत आहे. जेवल्यावर डाव्या कुशीवर पडायचं. ज्या कुशीवर पडतो तिकडची नाकपुडी भरून येते आणि वरची मोकळी होते. म्हणजे डाव्या कुशीवर उजवा स्वर चालू होतो, आणि स्वरशास्त्र जेवणानंतर सूर्यस्वर चांगला मानतं. आजी-आजोबांकडे मुलांनी याची चौकशी केली तर घरोघरी छान गप्पा होतात, अनुभव आहे.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. स्त्रीऊर्जा किंवा पुरुषऊर्जा मोजणारं यंत्र नाही. श्वासाचा परिणाम मात्र मोजता येतो. मनगटावर बोटं ठेवून नाडीचे ठोके बघा. श्वास घेताना ते किंचित भरभर पडतात, सोडताना मंदावतात. मुलांमध्ये तर हे सहज जाणवतं. म्हणून उच्छ्वास लांबवला की शांत वाटतं. समतोल म्हणजे काय, तर गरज पडेल तेव्हा वेग घेता येणं आणि गरज संपली की थांबता येणं. दोन्ही यायला हवं.

प्रत्यक्ष तासाला मी काय करते? आधी सूर्यनमस्कार, सगळ्यांनी सारखेच. ‘मुलींनी जमतील तेवढे घाला’ हे वाक्य मी बंद केलं आहे. मग लगेच मकरासन. त्यानंतर वृक्षासन, दोन्ही पायांवर, कारण एका पायावर छान जमणारं दुसऱ्यावर डगमगतं आणि आपलीच एक बाजू कच्ची आहे हे मुलांना स्वतःच कळतं. शेवटी नाडीशोधनाच्या पाच-सहा फेऱ्या आणि शवासन. उजव्या हाताचा अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका डावीवर. चार आकड्यांत श्वास घ्यायचा, चार ते सहात सोडायचा. श्वास रोखायचा नाही! जुन्या ग्रंथांत कुंभक आहे, पण तो गुरूजवळ राहणाऱ्या प्रौढ साधकासाठी. शाळेच्या हॉलमधल्या साठ मुलांसाठी नाही. सर्दी असेल त्याने नुसतं शांत बसायचं.

आणि मग निरीक्षण करायचं. माझ्या वर्गात सूर्यनमस्कारात बिनधास्त असणारे बरेच मुलगे शवासनात दोन मिनिटं पडू शकत नाहीत. एक डोळा उघडा, शेजाऱ्याला कोपर. त्यांना वाटतं, नुसतं पडणं म्हणजे हरणं. उलट, मोठ्या वर्गातल्या काही मुली भुजंगासनात छाती उघडतच नाहीत, खांदे पुढे ओढून घेतात. हे मणक्याचं दुखणं नव्हे, ते कपड्यांचं आणि नजरांचं आहे. योगाच्या दिवशी ट्रॅक पँट आणि सैल टी-शर्टची परवानगी मिळवून दिली, रांगांची तोंडं भिंतीकडे केली, तर निम्म्या मुलींचं भुजंगासन त्याच आठवड्यात सुधारतं. ‘ऊर्जेचा समतोल’ याहून वेगळा कुठे शोधायचा?

पाळीच्या दिवसांबद्दल पालक विचारतात. बंदीही नको, सक्तीही नको. पुण्याच्या गीता अय्यंगार यांनी या दिवसांसाठी सर्वांगासनासारखी उलटी आसनं टाळून, उशी-लोडाचा आधार घेऊन करायच्या विश्रांतीच्या आसनांचा क्रम शिकवला. बाजूला बसायचं की आधाराने करायचं हे मुलीने ठरवावं, आणि कारण सगळ्यांसमोर विचारू नये. फार दुखत असेल तर डॉक्टरच.

‘योग मुळात पुरुषांचाच’ असं कुणी म्हणालं तर त्यात थोडं तथ्य आहे. जुने ग्रंथ प्रामुख्याने पुरुष साधकाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहेत. पण मुंबईच्या योग इन्स्टिट्यूटच्या सीतादेवी योगेंद्र यांचं स्त्रियांसाठीच्या योगावरचं पुस्तक 1934 सालचं आहे. म्हणजे ही वाट आपल्याकडे बऱ्याच आधी मोकळी झालेली आहे.

घरी पालकांनी एवढंच बघावं, मुलगा रडला की ‘मुलींसारखा काय रडतोस’ आणि मुलगी धावली की ‘मुलीसारखी वाग’ ही वाक्यं कितीदा निघतात. शाळेत मी इडा-पिंगला शिकवून काय होणार, घरी रोज एक नाकपुडी बंद केली जात असेल तर?

तो मागच्या रांगेतला मुलगा आरशाच्या प्रयोगात सर्वांत चोख नोंदी ठेवणारा निघाला. आठव्या दिवशी वही घेऊन आला. “बाई, माझी परिपाठाला सहा दिवस डावीच जास्त चालू होती. आता?” मी म्हटलं, “आता काय, पुढचा आठवडा लिही.” त्याने रकाने आखले आणि जागेवर जाऊन बसला.