मंगळावर गाव वसेल का?

रात्री आकाशात कधी कधी एक तांबूस ठिपका दिसतो. तो तारा नव्हे. तो मंगळ. आपल्या पृथ्वीसारखाच तोही सूर्याभोवती फिरतो. म्हणून त्याला ग्रह म्हणतात. आपल्या मंगळवाराला नाव मिळाले ते याचेच.

माणसे मंगळावर राहायला गेली, अशा पुष्कळ गोष्टी लेखकांनी लिहिल्या आहेत. शास्त्राचा आधार घेऊन कल्पनेने रचलेल्या गोष्टीला विज्ञानकथा म्हणतात. अमेरिकेतील अँडी वीर यांची 'द मार्शियन' ही अशीच कादंबरी. २०१५ साली तिच्यावर चित्रपटही निघाला.

गोष्ट अशी आहे. काही लोक यानातून मंगळावर जातात. तेथे मोठे वादळ होते. एक जण मेला असे समजून बाकीचे परत निघतात. पण तो जिवंत असतो! जवळचा शिधा पुरणार नाही, हे त्याला कळते. शिध्यात थोडे बटाटे असतात. तो आपल्या बंद घरात मंगळाची माती पसरतो. तिच्यात सोनखत घालतो, पाणी देतो आणि बटाटे लावतो. बटाटे उगवतात!

शेतकरी माणसाला ही गोष्ट आवडेल. पण असे खरोखर घडेल का? तेथे गाव वसेल का?

गाव वसवताना आपले वाडवडील काय बघत? पाणी बघत, जमीन बघत. हवा मात्र कोणी बघितली नाही. ती असायचीच. मंगळावर पहिली अडचण हवेचीच आहे.

हवा

मंगळावरची हवा फार विरळ आहे. तिचा दाब आपल्या हवेच्या दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. तिच्यात शंभरातले पंचाण्णव भाग कार्बन डायऑक्साइड वायूचे. श्वास सोडताना आपण जो वायू बाहेर टाकतो, तोच हा. आपल्याला लागणारा प्राणवायू तेथे जवळजवळ नाही.

मग प्राणवायू तयार करता येईल का? २०२१ साली अमेरिकेचे एक यान मंगळावर उतरले. त्यावर एक लहानसे यंत्र होते. ते तिथल्याच हवेतून प्राणवायू काढी. २०२३ सालापर्यंत ते सोळा वेळा चालवले. सगळा मिळून १२२ ग्रॅम प्राणवायू निघाला. एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम लागतो. म्हणजे निघाला तो एका माणसाला साडेतीन तास पुरेल इतका! तरी हे काम होऊ शकते, एवढे त्या यंत्राने दाखवले.

पाणी

मंगळावर आज नदी नाही, ओढा नाही. पाणी आहे, पण ते बर्फाच्या रूपात. ते दोन्ही ध्रुवांपाशी आहे आणि काही ठिकाणी जमिनीखालीही आहे. थंडी तर विचारूच नका. सरासरी शून्याखाली ६० अंश! पाणी हवे तर बर्फ खणायचा, वितळवायचा आणि झाकून ठेवायचा. उघड्यावर ठेवले तर पाणी गोठेल, नाहीतर वाफ होऊन उडून जाईल.

माती

मंगळाची माती तांबडी आहे, कारण तिच्यात लोखंडाचा गंज आहे. २००८ साली फीनिक्स या यानाला तिच्यात एक क्षारही सापडला. तो शरीराला अपायकारक आहे. क्षारपड जमीन सुधारणे किती कठीण, हे तुम्हांला सांगायला नको. तिथली माती आधी धुवावी लागेल. आणि धुवायला पुन्हा पाणी हवे!

दुसरेही एक उणे आहे. आपल्या शेतातल्या चिमूटभर मातीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात. तेच पालापाचोळा कुजवतात आणि पिकाला अन्न मिळवून देतात. मंगळाच्या मातीत असे जीव अजून तरी कोणाला सापडलेले नाहीत.

नेदरलँड्स देशातील वाखेनिंगन विद्यापीठात एक प्रयोग झाला. हवाई बेटांवरच्या ज्वालामुखीच्या मातीपासून मंगळासारखी माती तयार केली होती. तिच्यात डुकरांचे खत घातले आणि गांडुळे सोडली. २०१७ साली त्या मातीत गांडुळांची पिले दिसली! म्हणजे खत आणि गांडुळे नेली, तर कदाचित तिथली मातीही जिवंत करता येईल.

काचेच्या घरातली दोन वर्षे

समजा, हवा, पाणी, माती सगळे नेले. एका मोठ्या बंद घरात ठेवले. मग माणसे सुखाने राहतील का? याचा प्रयोग पृथ्वीवरच झाला आहे.

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात सुमारे तीन एकरांचे काचेचे घर बांधले. आत झाडे, लहानसा समुद्र, शेळ्या, कोंबड्या आणि सुमारे अर्धा एकर शेती. सप्टेंबर १९९१ मध्ये चार पुरुष आणि चार स्त्रिया आत गेल्या. दारे बंद झाली. दोन वर्षे आत काढायची होती.

त्यांनी रताळी, केळी, भुईमूग, भात पिकवला. तरी पोट पुरते भरेना. माणसे वाळली. फुलांवर बसणारे किडे बहुतेक मेले. मुंग्या आणि झुरळे मात्र माजली.

सगळ्यात मोठे संकट दिसत नव्हते. प्राणवायू हळूहळू कमी होत होता. हवेच्या शंभर भागांत २१ भाग असायचा, तो १४ च्या आसपास आला. माणसांना दम लागू लागला. शेवटी जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला.

तो गेला कुठे? मातीत खत फार घातले होते. त्यामुळे मातीतले जीव फार वाढले. तेही श्वास घेतात, बरं का! त्यांनी प्राणवायू घेतला आणि कार्बन डायऑक्साइड सोडला. हा वायू झाडांना मिळाला असता, तर त्यांनी प्राणवायू परत दिला असता. पण बराचसा सिमेंटच्या बांधकामाने शोषून घेतला. फेरा तुटला.

आपल्या उघड्या शेतात खत घातले म्हणून असे होत नाही. कारण आपल्यामागे सगळ्या पृथ्वीची झाडे, समुद्र आणि आभाळभर हवा आहे. चूक झाली तरी ती सांभाळून घेते. लहान घरात चुकीला जागा नाही.

आणि मंगळ काही शेजारच्या आळीत नाही. भारताचे मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघाले. ते २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळापाशी पोहोचले. तिथं प्राणवायू संपला, तर कोणाला हाक मारणार?

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. मंगळावर जाणाऱ्याला हवेसकट बिऱ्हाड न्यावे लागेल. तरीही माणूस चिकाटीचा आहे. एक दिवस तेथे लहानशी वस्ती होईलही. तेथून नवे ज्ञान मिळेल. पण काही जण म्हणतात, "पृथ्वी बिघडली तर बिघडली, दुसरीकडे जाऊ." हे म्हणणे खरे नाही. आठ माणसांना एका घरात दोन वर्षे नीट श्वास घेणे जमले नाही. मग कोट्यवधी माणसांनी कुठे जायचे?

म्हणून शेतातले पाचट पेटवण्याआधी थोडे थांबा. पायाखालची माती हातात घ्या. तिच्यातले जीव मंगळावर शोधूनही सापडले नाहीत. ते तुमच्या बांधाच्या आत आहेत.