एका शब्दाचे चार संसार

घरांत इंग्रजी शिकणारा मुलगा असला म्हणजे एक प्रसंग हटकून घडतो. वाचतां वाचतां एखादा शब्द अडतो. मुलगा कोश उघडतो, आणि त्या एका शब्दापुढें पांच-सहा अर्थ ओळीनें मांडलेले पाहून गोंधळून जातो. "यांतला खरा कोणता?" असें तो वडील मंडळींस विचारतो. काका एक अर्थ सांगतात, आजोबा दुसरा. दोघांचें एकमत होत नाहीं, आणि शेवटीं मुलगा सर्वांत पहिला अर्थ उचलून मोकळा होतो. आम्हांस वाटतें कीं, या प्रसंगीं चूक उत्तरांत नसून प्रश्नांतच आहे. अनेकार्थी शब्दाचा खरा अर्थ असा एकच नसतो. ज्या वाक्यांत तो नांदत असेल त्या वाक्यापुरता तो खरा. जर्मन लोकांस ही गोष्ट एका इंग्रजी शब्दानें चांगलीच शिकविली. ती हकीकत मनोरंजक तशीच बोधप्रदही आहे, म्हणून आज ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

तो शब्द म्हणजे 'सेंटिमेंटल'. आपल्याकडेही हा शब्द आतां घरोघरीं ऐकूं येतो, व तोही बहुधा टीकेच्याच सुरांत. "उगीच सेंटिमेंटल होऊं नकोस," असें थोरला भाऊ धाकट्या बहिणीस म्हणतो, तेव्हां तो तिची स्तुति करीत नसतो हें उघड आहे. परंतु अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांत या शब्दाची प्रतिष्ठा कांहीं वेगळीच होती. 'सेंटिमेंट' या मूळ शब्दाच्या पोटींच दोन अर्थ होते. एक, नीतिपर विचार किंवा मत. आणि दुसरा, हृदयांतील भावना. त्यापासून निघालेलें विशेषण कधीं विचाराकडे झुके, तर कधीं भावनेकडे. १७४९ च्या सुमारास एका सुशिक्षित इंग्रज बाईनें रिचर्डसन या विख्यात कादंबरीकारास पत्रानें विचारलें कीं, हा शब्द मोठ्या लोकांच्या तोंडीं सदा असतो. माणूस सेंटिमेंटल, मंडळींची बैठक सेंटिमेंटल, फिरावयास जाणेंही सेंटिमेंटल. तर त्याचा अर्थ तरी काय समजावा? ज्यांची तो मातृभाषा, त्यांचीच जर ही स्थिति, तर परक्यांनीं काय करावें?

परक्यांवर ती वेळ लौकरच आली. १७६८ च्या फेब्रुवारींत लॉरेन्स स्टर्न या इंग्रज धर्मोपदेशकानें, योरिक हें टोपण नांव घेऊन, फ्रान्स व इटली या देशांतील आपल्या 'सेंटिमेंटल' प्रवासाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. स्टर्न क्षयानें जर्जर झालेला होता. पुस्तक निघाल्यावर महिन्याच्या आंतच, १८ मार्च रोजीं, तो वारला. नांवांत इटली असली तरी प्रवासी तेथपर्यंत पोहोंचतच नाहीं, आणि शेवटचें वाक्यही अर्ध्यावरच तुटतें. या पुस्तकांत राजवाडे, देवळें, किल्ले यांचीं वर्णनें जवळजवळ नाहींतच. वाटेंत भेटलेला भिक्षु, पिंजऱ्यांतील पक्षी, दुःखानें वेडी झालेली एक मुलगी, यांना पाहून प्रवाशाच्या मनांत जे तरंग उठले त्यांचाच तो प्रवास आहे. थोडी थट्टा, थोडे अश्रु, थोडा नीतिविचार, हें सारें त्या एका विशेषणांत त्यानें भरून ठेविलें होतें. जॉन वेस्ली या प्रसिद्ध धर्मसुधारकानें १७७२ सालीं आपल्या रोजनिशींत त्रासून लिहिलें कीं, हा शब्द मुळीं इंग्रजीच नव्हे व त्यास अर्थही नाहीं.

याच वर्षीं, म्हणजे १७६८ सालीं, हँबुर्ग शहरांत योहान योआखिम क्रिस्टोफ बोडे हा गृहस्थ त्या पुस्तकाचें जर्मन भाषांतर करण्यास बसला. बोडे गरीब घरांत जन्मलेला. वाद्यें वाजवून पोट भरीत असतांनाच त्यानें परकीय भाषा शिकून घेतल्या होत्या. ग्रंथ पुढें सरके, पण नांवाच्या पहिल्याच विशेषणापाशीं गाडें अडलें. प्रथम त्यानें 'झिटलिख' म्हणजे 'नैतिक' हा शब्द योजून पाहिला. त्यांत विचाराची बाजू आली, पण अश्रु सगळे वाळून गेले. प्रवासवर्णनाचें जणूं नीतिपाठाचें पुस्तक झालें!

बोडेच्या सुदैवानें लेसिंग हा थोर नाटककार व टीकाकार त्या वेळीं हँबुर्गासच होता, आणि दोघांचा छापखान्याच्या धंद्यांत भागीदारीचाही संबंध होता. लेसिंगनें त्यास सल्ला दिला तो भाषांतर करणाऱ्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें. इंग्रजांनाही 'सेंटिमेंट'पासून झालेलें विशेषण पूर्वीं नव्हतें. स्टर्ननें जर नवा शब्द वापरण्याचें धाडस केलें, तर त्याच्या भाषांतरकारासही तोच अधिकार पोहोंचतो. जर्मन भाषेंत 'भावना' या अर्थाच्या शब्दापासून निघालेलीं विशेषणें आहेत, नाहींत असें नाहीं. पण 'एम्प्फिंडलिख' म्हणजे चटकन मनास लावून घेणारा, आणि 'एम्प्फिंडबार' म्हणजे जाणवण्याजोगा. हवा तो अर्थ यांपैकीं एकाजवळही नाहीं. मग 'एम्प्फिंडझाम' कां म्हणूं नये? ज्या प्रवासांत कष्ट पुष्कळ तो 'म्यूझाम', तर ज्या प्रवासांत भावना पुष्कळ तो 'एम्प्फिंडझाम'. आपण 'कष्टमय' या नमुन्यावर 'भावनामय' बनवावा, तसलाच हा प्रकार. वाचकांस आरंभीं या शब्दानें कांहीं बोध होणार नाहीं, तर हळूहळू तो होऊं लागेल, असा धीरही लेसिंगनें दिला.

बोडेनें तें मानलें, आणि ही सर्व हकीकत प्रस्तावनेंत प्रांजळपणें लिहून लेसिंगचें ऋण मान्य केलें. शोधक विद्वानांस हा शब्द त्यापूर्वींच्याही थोड्या लेखनांत सांपडला आहे. तेव्हां लेसिंगनें तो निर्माण केला असें न म्हणतां, अडगळींतला शब्द घासूनपुसून दिवाणखान्यांत आणून ठेविला, असें म्हणणें अधिक रास्त होईल. दुसऱ्या एका भाषांतरकारानें १७६९ सालीं त्याच पुस्तकास 'मानवी स्वभावाविषयीं निबंध' अशा अर्थाचें नांव दिलें व पेंच टाळला. पेंच टळला खरा. पण तें नांव आज विद्वानांशिवाय कोणास ठाऊक नाहीं.

बोडेचा शब्द मात्र पाहतां पाहतां देशभर झाला. स्टर्नच्या पुस्तकांत प्रवासी व लोरेंझो नांवाचा भिक्षु आपापल्या तपकिरीच्या डब्या एकमेकांस देतात. १७६९ सालीं याकोबी या कवीनें तशीच शिंगाची डबी, वर 'लोरेंझो' व आंत 'योरिक' अशीं अक्षरें घालून, मित्रांस धाडली; आणि लौकरच अशा डब्या दुकानांत विकत मिळूं लागल्या. भावना खिशांत बाळगतां येऊं लागली म्हणावयाची! १७७४ सालीं गटेची 'वेर्थर' ही कादंबरी निघाली, तेव्हां तर तरुण मंडळींच्या अश्रूंस पूर आला.

तेव्हां वडील मंडळींस काळजी पडली, आणि ही काळजी आमच्या वाचकांस मुळींच अपरिचित वाटणार नाहीं. काम्प या शिक्षणशास्त्रज्ञानें १७७९ सालीं निबंध लिहून 'एम्प्फिंडझामकाइट' आणि 'एम्प्फिंडेलाय' यांत भेद दाखविला. पहिली खरी सहृदयता. दुसरें तिचें सोंग. आपण 'शहाणा' आणि 'दीडशहाणा' यांत जो भेद करतों, तसाच हा. खुद्द गटेनेंही १७७८ च्या आरंभीं वायमार येथें एक प्रहसन रंगभूमीवर आणलें. त्यांतील राजपुत्र एका बाहुलीवर प्रेम करतो. आणि ती बाहुली फोडतात तेव्हां आंत भुसा व भावनापूर्ण पुस्तकें निघतात, ज्यांत गटेची स्वतःची 'वेर्थर'ही असते!

हा त्या शब्दाचा पहिला संसार. पुढें १७९५-९६ मध्यें शिलरनें काव्यावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यांत मूळ परकी शब्दच 'झेंटिमेंटालिश' असा घडवून त्यास निराळाच अर्थ दिला. जो कवि निसर्गाशीं एकरूप असतो तो एका जातीचा; आणि ज्यानें ती एकरूपता गमावली व जो विचारानें तिचा शोध करतो तो 'झेंटिमेंटालिश'. येथें रडण्याचा संबंध नाहीं. हा दुसरा संसार. तिसरा 'झेंटिमेंटाल', म्हणजे आजच्या इंग्रजीसारखाच, पाझर फार व खोली थोडी असा ठपका ठेवणारा. स्टर्नच्या प्रवासास आज कोणी हें तिसरें विशेषण लाविलें, तर व्याकरण शुद्ध राहील, पण एका सत्पुरुषाचा उपमर्द होईल. शब्दाची निवड ही नुसती शोभेची बाब नव्हे, ती न्यायाची बाब आहे, तें यासाठींच.

आणि चौथा संसार आपल्या घराशेजारचाच आहे. इंग्रज म्हणतो, या वस्तूस 'सेंटिमेंटल' किंमत आहे. येथें वरील तिन्ही जर्मन शब्द सहसा कामास येत नाहींत. जर्मन मनुष्य एक तर 'इडेएलर व्हेर्ट', म्हणजे पैशांत न मोजतां येणारें मोल, असें म्हणतो. नाहीं तर 'एरिन्नरुंगस्व्हेर्ट', म्हणजे शब्दशः 'आठवणीचें मोल'.

आतां हें मराठींत कसें म्हणावें, असा प्रश्न पडला तर कोश उघडण्याचें कारण नाहीं. जुनी नथ मोडावयास काढली असतां सोनार वजन करून भाव सांगतो, आणि घरची सून ती पुन्हां डबींत ठेवीत म्हणते, "नको, ती सासूबाईंची आठवण आहे." तिनें जर्मन भाषा ऐकलेलीही नसते. तरी ज्या शब्दापाशीं जर्मन मनुष्य येऊन पोहोंचला, तोच तिच्या ओठीं सहज येतो. कारण तिनें शब्दाचें भाषांतर केलेलें नसतें, प्रसंग ओळखलेला असतो. मुलानें पुन्हां कोश पुढें करून "खरा अर्थ कोणता?" म्हणून विचारलें, तर वडिलांनीं आधीं एवढेंच म्हणावें: "बाळ, तें वाक्य वाचून दाखीव पाहूं."