खोलीसकट ऐका

रत्नागिरीच्या मांडवीत राहणाऱ्या माणसाने दहा-पंधरा हजारांत गाणं ऐकण्याजोगी छोट्या स्पीकरची जोडी घ्यायची ठरवली, की त्याला पहिला सल्ला मिळतो तो ‘आधी ऐका, मगच घ्या’ असा. सल्ला चांगला आहे, पण चार जोड्या शेजारी लावून निवांत ऐकवणारं दुकान गाठायचं तर मोठं शहर गाठावं लागतं. म्हणून गावातला गिऱ्हाईक इथेच मागे पडला, असं सगळे धरून चालतात. मला ते पटत नाही. या किमतीच्या स्पीकरची खरी परीक्षा ते ज्या खोलीत वाजणार त्याच खोलीत होते, आणि ती खोली शहरातल्या दुकानदाराकडे नसतेच.

याचं कारण खर्जात आहे. साधारण दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचा आवाज स्पीकर जेवढा ठरवतो, तेवढाच भिंतीही ठरवतात. समोरासमोरच्या दोन भिंतींत १० फूट अंतर असेल तर सुमारे ५६ हर्ट्झचा सूर तिथे घुमतो. १२ फूट असेल तर ४७च्या आसपासचा. चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंती, खाली लादी, वर स्लॅब आणि सामान बेताचं, अशा खोलीत एक टाळी वाजवून पाहा: मागे जी झणझण उरते तीच प्रत्येक तानेच्या मागे उरणार. उतरत्या छपराच्या कौलारू घरात हा त्रास पुष्कळदा कमी असतो. स्लॅबच्या घरात सतरंजी अंथरली, जाड पडदा लावला, स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून हात-दीड हात पुढे आणले, तर जो फरक पडतो तो पाच हजार जास्त मोजूनही पडेलच असं नाही. उंचीचंही तसंच. जमिनीवर बसणाऱ्याचा कान अडीच फुटांवर असतो, खुर्चीतल्याचा साडेतीन. वरच्या पट्टीचे सूर काढणारा लहान पडदा, म्हणजे ट्विटर, कानाच्या रेषेत हवा. तो कपाटाच्या वरच्या फळीवर गेला की शब्दांची धार बोथट होते.

दुकानात आणखी एक चकवा असतो. जो स्पीकर किंचित मोठ्याने वाजतो तो कानाला भरदार वाटतो, कारण आवाज वाढला की खर्ज आपल्याला प्रमाणापेक्षा जास्त ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३मध्येच मोजून दाखवलं होतं. डोळेही फसवतात. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४मध्ये तेच स्पीकर तेच श्रोते घेऊन एकदा समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआडून ऐकवले. दिसत असताना मोठ्या, महागड्या खोक्यांना जे झुकतं माप मिळालं, ते पडद्याआड टिकलं नाही. (एकेकाळी टेपरेकॉर्डरवर छापलेल्या हजारो वॉट पीएमपीओला आपण भुललो होतोच. आजही आकडा पाहायचा तर आरएमएसचा, म्हणजे सलग मिळणाऱ्या ताकदीचा.) घरी मात्र दोन्ही सापळे टाळता येतात. मोबाइल एकाच जागी ठेवून आवाज मोजण्याच्या अॅपवर दोन्ही जोड्या सारख्या पातळीवर आणा, मध्ये चादर टांगा आणि घरातल्या कुणाला तरी जोडी बदलायला सांगा.

ऐकायचं काय? खोक्यासोबत येणारा दणदणीत नमुना नको, वर्षानुवर्षं कानात बसलेलं गाणं हवं. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९च्या जवळ. काळी चारच्या गायिकेसाठी तीच तार १०४वर. म्हणजे चार-पाच इंची पडद्याचा प्रामाणिक स्पीकर ख्याल आणि नाट्यपदांना पुरतो. सिनेमातले स्फोट त्याला झेपणार नाहीत, तेवढी तडजोड पत्करावी. किशोरी आमोणकरांचा भूप लावा आणि गळा थांबतो तिथे तंबोऱ्याची जवारी सलग उरते का, ते ऐका. तबल्याच्या बायाची घुमक सुटी येते की नुसती ढबढब होते? ‘खल्वायन’ संस्थेच्या मैफलीत किंवा थिबा राजवाड्याच्या आवारातल्या महोत्सवात बसलेल्या रत्नागिरीकराच्या कानात तुलनेचं माप आधीच तयार असतं.

यावर रास्त आक्षेप असा, की घरी ऐकायला आधी विकत घ्यावं लागतं. ते खरं आहे, म्हणून ऑनलाइन मागवताना परतीची अट नीट वाचावी. काही ठिकाणी पैसे परत मिळत नाहीत, फक्त वस्तू बदलून मिळते. मित्राची जोडी दोन दिवस उसनी आणणं त्याहून स्वस्त. दुसरे म्हणतात, मोजमापांचे आलेख असताना कान कशाला? आलेखांवरून वाईट स्पीकर जरूर गाळावेत. पण मे महिन्यात डोक्यावर पंखा गरगरत असताना आणि खिडकीतून गाज येत असताना मंद आलाप किती उरतो, ते आलेख सांगत नाही. म्हणून पंखा लावूनच ऐकावं. मांडवीच्या खाऱ्या, दमट हवेसाठी मात्र कानांपलीकडची एक तपासणी हवी: पडद्याभोवतीची कड फोमची असेल तर ती काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळते, रबराची टिकते. मागच्या बाजूला, तारा जोडतात तिथे, एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची, उघडी कड दिसली तर ती जोडी घेऊ नये. पावसाळ्यात ती तिथूनच फुगायला लागते.