आईवेगळी पोरं आणि पडद्यावरच्या माऊल्या

साईबाईंचं निधन झालं ५ सप्टेंबर १६५९ रोजी. संभाजीराजे तेव्हा सव्वादोन वर्षांचे होते. २०२३ पासून ज्या शहराला आपण अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर म्हणतो, त्याचं नाव एका आईवेगळ्या पोराचं आहे, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. ते ध्यानात येत नाही याला कारण आहे. ही कथा ज्या ज्या रूपात आपल्यापुढे आली, त्या प्रत्येक रूपात आईची जागा फार वेळ रिकामी राहिलेली दिसत नाही. दूध पाजायला कापूरहोळची धाराऊ आहे, घडवायला आजी जिजाऊ आहेत. 'स्वराज्यरक्षक संभाजी' या मालिकेने (२०१७ ते २०२०) राजांचं बालपण दाखवताना या दोघींना चांगली ऐसपैस जागा दिली. आई गेल्याचं दुःख तिथे आहे, पण त्या दुःखाला बिलगून लगेच दुसरा पदर येतो. माझं म्हणणं असं, की ही या एका मालिकेची लकब नव्हे. आई मेली की मूल मोकळं झालं, असं आपली चित्रकथा मानत नाही. ती विचारते, आता याचं कोण करणार? आणि बहुतेक वेळा उरलेली सगळी गोष्ट या प्रश्नाच्या उत्तरातच खर्ची पडते.

अमेरिकी ॲनिमेशनचं गणित वेगळं. स्नोव्हाइट (१९३७), सिंड्रेला (१९५०), 'लिटल मरमेड'मधली एरियल (१९८९), 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधली बेल (१९९१) या सगळ्या आईविना. बांबीची आई शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडते (१९४२), निमोची आई तो अंड्यात असतानाच जाते (२००३). अल्लादीनला तर मुळात आई होती. सुरुवातीच्या आराखड्यात तिच्यासाठी एक गाणंही बांधलं होतं. १९९२ चा चित्रपट पडद्यावर येईपर्यंत आई आणि गाणं दोन्ही कापलं गेलं. कॉमिक्समध्येही तीच तऱ्हा. सुपरमॅनचा (१९३८) आख्खा ग्रहच नष्ट होतो, बॅटमॅनचे (१९३९) आईवडील त्याच्या डोळ्यांदेखत मारले जातात. यामागे कथाकाराची सोय आहे. ज्या घरात आई जागी आहे, त्या घरातलं पोर रात्री-बेरात्री जादूच्या गुहेत जाऊ शकत नाही. तेव्हा आईला आधी वाटेतून दूर केलं जातं, मग साहस सुरू होतं.

याचं कारण सांगताना वॉल्ट डिस्ने यांच्या आईचा दाखला हमखास दिला जातो. मुलांनी घेऊन दिलेल्या घरातल्या भट्टीचा विषारी वायू पसरून फ्लोरा डिस्ने वारल्या आणि त्या अपराधी भावनेतून डिस्नेच्या पडद्यावरच्या आया मेल्या, असं ते स्पष्टीकरण. दुर्घटना खरी आहे. पण ती १९३८ च्या नोव्हेंबरातली आणि 'स्नोव्हाइट' त्याच्या आदल्या वर्षीचा. शिवाय स्नोव्हाइट ही डिस्नेची निर्मितीच नव्हे. ग्रिम बंधूंनी ती कथा १८१२ मध्ये छापली तेव्हा मुलीचा जीव घ्यायला निघालेली बाई तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. म्हणजे सख्ख्या आईचं पावित्र्य राखण्यासाठी तिला आधी मारावं लागलं. बाळंतपणात बायका सर्रास दगावत, अशा काळातल्या वाचकाला त्यात नवल वाटलं नसणार. पण हे कारण आपल्याकडेही तंतोतंत लागू होतं. बाळंतपणातले मृत्यू काही युरोपची मिरास नव्हती. मग तेच दुःख वाट्याला आलेल्या दोन समाजांनी त्यातून वेगळ्या गोष्टी का काढल्या?

याचं उत्तर शोधायला संभाजीनगरहून दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर पैठणला जावं. मराठी मनातली सर्वांत मोठी पोरकी भावंडं याच गावाच्या दारात येऊन उभी राहिली. विठ्ठलपंतांनी संन्यास सोडून पुन्हा संसार मांडला म्हणून वाळीत पडलेलं कुटुंब. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही चार मुलं शुद्धिपत्र मागायला पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे आली, असं परंपरा सांगते. प्रभातने १९४० मध्ये 'संत ज्ञानेश्वर' काढला. दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, मोठ्या ज्ञानेश्वरांच्या भूमिकेत शाहू मोडक. हा चित्रपट म्हटला की लोकांना चालणारी भिंत आठवते, वेद बोलणारा रेडा आठवतो. त्या काळात ती करामत थक्क करणारी होती, हे खरंच. पण चमत्कार बाजूला ठेवून कथानकाकडे पाहिलं तर ते काय आहे? अनाथ मुलं साहसाला निघत नाहीत, ती अर्ज घेऊन निघतात. त्यांना घराबाहेर पडायचं नाही, आत यायचं आहे. डिस्नेच्या पोरक्याला जग मोकळं सापडतं. आपल्या पोरक्याला ते बंद सापडतं, आणि दार उघडेपर्यंतची खटपट म्हणजेच कथा. मुक्ताईचे ताटीचे अभंगही याच धाग्यातले. जनांच्या बोलण्याने दुखावून भाऊ दार लावून बसतो आणि वयाने सगळ्यांत धाकटी असलेली पोर त्याला समजावते. आईच्या जागी इथे बहीण उभी राहिली. पुढे या पोरक्या ज्ञानदेवालाच लोकांनी 'माऊली' म्हटलं. ज्याला आई उरली नाही त्यालाच आई हे नाव मिळणं, हा मराठीने या प्रश्नावर काढलेला सर्वांत धाडसी तोडगा म्हणावा लागेल. आज वारीत अनोळखी माणूसही अनोळखी माणसाला माऊली म्हणूनच हाक मारतो.

पैठणचा दुसरा पोरका पैठणचाच. संत भानुदासांचे पणतू एकनाथ. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी दोघंही ते तान्हे असतानाच गेले आणि आजोबा चक्रपाणींनी त्यांना वाढवलं. बाराएक वर्षांचा हा मुलगा घर सोडून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेला. इथे आक्षेप येऊ शकतो, की हे तर अगदी अमेरिकी साच्यातलं झालं: पोरका मुलगा निघाला आणि किल्ल्यावर गुरू भेटला. पण पुढचं पाहा. एकनाथ पैठणला परत येतात, संसार करतात, आणि त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त सांगितली जाणारी कथा कोणती? गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारं अस्पृश्य मानलेल्या घरचं मूल त्यांनी उचलून छातीशी धरलं, ही. आपण ज्याला मुकलो ते दुसऱ्याला देणारा हा माणूस आहे. व्ही. शांताराम यांनी १९३५ मध्ये एकनाथांवर चित्रपट केला, त्यात बालगंधर्व एकनाथ झाले. 'महात्मा' हे नाव सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलून 'धर्मात्मा' करावं लागलं. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर बोलायला शांतारामांना हाच संत हवा होता, हा योगायोग नसावा. जन्मतः आपलं माणूस गमावलेल्याला आपलं-परकं ठरवण्याचा समाजाचा अधिकार लवकर खटकतो. आणि एक भाषिक गंमत: ज्या गावात हे मूल अनाथ झालं, ते गाव आज नाथांचं पैठण म्हणून ओळखलं जातं, आणि तिथली मोठी यात्रा नाथषष्ठीची.

हे सगळं वारकरी संप्रदायाचं देणं, असंही कुणी म्हणेल. मग शहराच्या ईशान्येला शंभरेक किलोमीटरवर अजिंठ्यात काय आहे तेही पाहू. सिनेमा आणि कॉमिक्स यांच्या कितीतरी आधी चित्रांच्या ओळीतून गोष्ट सांगण्याची कला इथे भिंतींवर पूर्णत्वाला गेली होती. दुसऱ्या लेण्यात बुद्धजन्माचे प्रसंग आहेत. बौद्ध परंपरेनुसार महामाया बाळंतपणानंतर सातव्या दिवशी गेली आणि सिद्धार्थाला मावशी महाप्रजापती गौतमीने वाढवलं. 'माय मरो, मावशी जगो' ही म्हण जणू तिच्यासाठीच झाली असावी. त्याच लेण्यात हारितीचं छोटं देवालय आहे. ती मूळची लोकांची पोरं खाणारी यक्षी. बुद्धाने तिचं धाकटं मूल लपवून ठेवलं, तिला पोटच्या पोराचं दुःख कळलं आणि ती सगळ्यांच्या मुलांची रक्षक झाली. तिच्या शिल्पाखाली शिल्पकाराने शाळा कोरली आहे: गुरुजींच्या हातात छडी, पुढची मुलं अभ्यासात, मागची खेळात दंग. हा मिश्किलपणा पाहून चौथ्या बाकावर बसलेला प्रत्येक मराठी माणूस त्या शिल्पकाराला ओळखीचा समजेल. सतराव्या लेण्यात मातृपोषक जातक आहे. आंधळ्या आईला सांभाळणारा हत्ती राजाची माणसं पकडून नेतात. राजा चारा घालतो, हत्ती तोंड लावत नाही. कारण कळल्यावर राजा त्याला सोडून देतो आणि मायलेकरांची पुन्हा भेट होते. याच्या शेजारी डिस्नेचा 'डंबो' (१९४१) ठेवावा. तिथेही हत्तीण आणि तिचं पिल्लू यांची ताटातूट आहे; आई कोठडीत आणि पिल्लू सर्कशीत. पण डंबो आई जवळ नसतानाच उडायला शिकतो, तर अजिंठ्याचा हत्ती आईशिवाय घासही घेत नाही. या लेण्याचा शिलालेख सांगतो, की दान देणाऱ्या राजाला धाकटा भाऊ रविसांब याच्या मृत्यूचं दुःख होतं. ताटातूट आणि भेट ही त्या भिंतीवर नुसती सजावट म्हणून आलेली नसावी.

आता कॉमिक्सकडे. इथे माझ्या मांडणीला उलटा पुरावा मिळेल अशी अपेक्षा ठेवून पाहिलं, तरी मिळतो तो सुलटाच. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आलेला वेताळ पित्याच्या हत्येवर उभा आहे, पण तो परदेशी. आपला स्वतःचा चिंटू (१९९१ पासून) आई-पप्पांसह नांदतो, आणि विनोद बराचसा त्यांच्याशीच होतो. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला साहसं हवीत. त्यासाठी लेखकाने आई मारली नाही, मुलाला फुरसुंगीहून उचलून पुण्याच्या विद्याभवनात ठेवलं. वसतिगृह ही साहसाची सोय म्हणून पुरेशी आहे, हे भागवतांनी ओळखलं होतं. आणि खरोखर अनाथ असलेला ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या? तो एका घरात येतो आणि त्या घरचा होऊन जातो. १९९० च्या सुमारास दूरदर्शनवर आलेल्या मालिकेमुळे आणखी एक पिढी त्याला ओळखते. 'नाळ' (२०१८) हा सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा चित्रपटही याच प्रश्नाभोवती फिरतो. जी आपली आई ती आपली जन्मदाती नव्हे, हे चैत्याला कळतं तेव्हा तो गाव सोडून साहसाला निघत नाही. तो घरातच राहून सांभाळणाऱ्या आईकडे नव्या, संशयी नजरेने पाहायला लागतो.

सर्वांत जड आक्षेप मात्र वेगळा आहे आणि तो मी टाळू शकत नाही. जागा भरली जाते, पण कुणाची? यादी पुन्हा वाचा. संभाजीराजे, ज्ञानदेव, एकनाथ, सिद्धार्थ, गोट्या, चैत्या. सगळे मुलगे. मुलीच्या बाबतीत गणित फिरतं. मुक्ताईची जागा कुणी भरत नाही, तीच इतरांची भरते. गंगाखेडची जनाबाई आई गेल्यावर पंढरपूरला नामदेवांच्या घरी येते ती दासी म्हणून, आणि मायेसाठी तिला विठ्ठलालाच विठाबाई करावं लागतं. विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' (१९९१) तर याहून कठोर. लक्ष्मीच्या जन्मावेळी आई गेली म्हणून बाप तिलाच अपशकुनी मानतो. ज्या घटनेने मुलगा सहानुभूतीचा धनी झाला असता, त्याच घटनेने मुलगी आरोपी होते. या चित्रपटाला बायका गाड्या करकरून आल्या. नाकं मुरडणाऱ्या समीक्षकांनी त्याचं कारण फक्त अश्रूंच्या बाजारात शोधलं. मला वाटतं, आईवेगळ्या मुलीची जागा भरलीच जात नाही, हे कुणीतरी पडद्यावर कबूल करतंय, याचं ते स्वागत होतं. अमेरिकी ॲनिमेशनने आईविना राजकन्यांना निदान बंडखोरीचा परवाना तरी दिला. आपण मुलीला दोन्ही दिलं नाही: मोकळीकही नाही, मावशीही नाही. अनंत महादेवन यांच्या 'मी सिंधुताई सपकाळ' (२०१०) मध्ये पोटुशी असताना घराबाहेर काढलेली बाई हजारो अनाथांची माई होते. तीही मुक्ताईचीच वाट, भरणारी पुन्हा बाईच.

समाज जे करत नव्हता तेच कथा करून दाखवत होती, असंही म्हणता येईल. फसवल्या गेलेल्या विधवा आपली मुलं मारू नयेत म्हणून १८६३ मध्ये पुण्यात फुले दांपत्याला बालहत्या प्रतिबंधक गृह उघडावं लागलं. मावशी आणि आजी सगळ्यांना पुरत असत्या, तर त्या घराची गरज पडली नसती. आजही पडते. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण ठेवलं, ते खुल्या प्रवर्गातून. कारण संस्थेत वाढलेल्या मुलाला आपली जात सांगता येत नाही. त्यासाठी महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र लागतं. म्हणजे मूल पुन्हा अर्ज घेऊन दारात उभं. पैठणच्या भावंडांना आपण समाजाचे आहोत असं लिहून हवं होतं, तर या मुलाला आपलं कुणी नाही असं लिहून हवं असतं. प्रभातने पैठणची ती सभा १९४० मध्ये चित्रित केली. कागदपत्रांची फाईल काखोटीला मारून कार्यालयाच्या बाकावर बसलेली आजची मुलगी अजून कुठल्या कॅमेऱ्यासमोर आलेली नाही. आली तर तिला माऊली म्हणायची घाई न करता दिग्दर्शकाने आधी तिचा अर्ज पूर्ण वाचावा.