उंबरठ्यावर थांबलेलें गाणें

अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत ईस्ट ऑरेंज नांवाचें एक शहर आहे. तेथील कृष्णवर्णीय वस्तींत राहणाऱ्या एका गौरवर्णीय कुटुंबांतील मुलगी पुढें जॅनिस इयन या नांवानें प्रसिद्धीस आली. तिचा जन्म १९५१ चा. शाळेंत तिच्या वर्णाचीं मुलें अगदींच थोडीं होतीं. बाराव्या वर्षीं तिनें रचलेलें गाणें ‘ब्रॉडसाइड’ या लोकगीतांना वाहिलेल्या नियतकालिकानें छापलें. त्यानंतर लवकरच, तेराव्या-चौदाव्या वर्षीं, तिनें जें गीत लिहिलें तीच तिची पहिली ध्वनिमुद्रिका ठरली. तिचें नांव ‘सोसायटीज् चाइल्ड’, म्हणजे समाजाचें अपत्य.

गीताचा विषय असा: गोऱ्या मुलीचा कृष्णवर्णीय मित्र तिला भेटावयास दाराशीं येतो आणि आई त्याला आंत घेत नाहीं. उंबरठ्यावरून परत पाठविणें म्हणजे काय, हें मराठी घरांत समजावून सांगावयास नको. शाळेंतही मुलीच्या वांट्याला कुत्सित हांसणेंच येतें. अशा कथेचा शेवट बंडांत व्हावा अशी ऐकणाराची अपेक्षा असते. येथें तसें होत नाहीं. ध्रुपदापाशीं चाल एकाएकीं संथ होते, आणि यापुढें आपली भेट व्हावयाची नाहीं, असें ती मुलगी स्वतःच त्याला सांगते. आईबाप, शाळा आणि समाज यांच्याशीं त्या वयांत एकटीनें कसें झुंजावें? गीताची खरी धार या शरणागतींतच आहे. बंडखोर मुलीवर रागावतां येतें. परंतु वडील माणसांचें ऐकून दुःखी झालेल्या मुलीपुढें त्यांनीं काय बोलावें?

मुद्रणाचा खर्च अटलांटिक कंपनीनें सोसला. परंतु तें ऐकल्यावर ‘आम्हांला हें प्रसिद्ध करतां येणार नाहीं’ अशा आशयाचा निरोप देऊन तिनें तें निर्माता जॉर्ज मॉर्टन याच्याकडे गुपचूप परत केलें. इतर कंपन्यांचे नकार पचविल्यावर १९६६ सालीं ‘व्हर्व्ह फोकवेज’नें ती मुद्रिका बाजारांत आणली. ती पुनःपुन्हा प्रसिद्ध करावी लागली, तरी चालेना.

याचें कारण नभोवाणींत होतें. अमेरिकेंतील बहुतेक केंद्रें खाजगी मालकीचीं, आणि त्यांचें उत्पन्न जाहिरातींवर अवलंबून. निवेदकानें एखादें गाणें वाजविलें कीं दुकानांत त्याला मागणी येई. मागणीनें साप्ताहिक यादींत त्याचा क्रमांक चढे, आणि क्रमांक चढला कीं इतर केंद्रेंही तें वाजवूं लागत. या चक्राला पहिली गतिच मिळाली नाहीं, तर उत्तम गाणेंही फळीवर पडून राही. श्रोते आणि जाहिरातदार दुखावतील या भयानें अनेक केंद्रांनीं ही तबकडी बाजूस ठेवली. भय अगदींच निराधार नव्हतें. कॅलिफोर्नियांतील एन्सिनो येथें हें गीत गात असतां श्रोत्यांतील कांहींजणांनीं ओरडून शिव्या दिल्या आणि आपण रडत मंचावरून निघून गेलों, असें जॅनिसनें पुढें सांगितलें आहे. ती परत आली आणि गायिली. त्या वेळीं ती अवघी पंधरा वर्षांची होती.

चक्र फिरविलें तें नभोवाणीनें नव्हे, दूरचित्रवाणीनें. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत-दिग्दर्शक लेनर्ड बर्नस्टाइन यांनीं तरुणांच्या नव्या संगीतावर एक कार्यक्रम केला; तो २५ एप्रिल १९६७ रोजीं प्रक्षेपित झाला. त्यांत त्यांनीं या गीताची वाखाणणी केली आणि जॅनिसनें तें गाऊन दाखविलें. दोन भिन्न समाजांतील तरुण-तरुणीच्या प्रेमावर रचलेल्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ला, १९५७ सालीं, त्यांनींच संगीत दिलें होतें. तेव्हां हें कौतुक केवळ चालीचें नसावें. वर्षभर जे शब्द धोक्याचे वाटत होते तेच एका प्रतिष्ठित गृहस्थाच्या तोंडच्या शिफारशीनें ऐकण्याजोगे ठरले, ही गोष्ट जितकी आनंदाची तितकीच खेदाची म्हणावी लागेल. गाण्यांतील एक अक्षरही बदललें नव्हतें.

आतां केंद्रें तें वाजवूं लागलीं. मुद्रिका यादींत चढत असतांनाच, १२ जून रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें भिन्नवर्णीय विवाहास बंदी करणारे कायदे घटनाबाह्य ठरविले. तोंपर्यंत ते १६ राज्यांत अस्तित्वांत होते. जुलैमध्यें गीत ‘बिलबोर्ड’च्या राष्ट्रीय यादींत १४ व्या क्रमांकावर पोंचलें. मुद्रण परत करणाऱ्या कंपनीच्या प्रमुखानें अनेक वर्षांनीं जॅनिसची जाहीर क्षमा मागितली.